आधीची चाल

गॅरेजमध्ये लाइट गेली म्हणून मी लवकर घरी आले. दाराला बाहेरून किल्ली तशीच लटकत होती. आत आत्या टेबलापाशी खुर्चीत बसलेली. समोर बुद्धिबळाचा पट, आदल्या दिवशी मांडलेला. तिच्या खांद्याला बटणचं दप्तर होतं, पिवळं, बदकाचं. खांद्यावरून उतरवलं पण नव्हतं.

"किल्ली दाराला ठेवून बसलीस," मी म्हटलं. "चोरांना चहाही करून ठेवायचास ना."

एरवी तिनं मला उलटा टोला दिला असता.  आज माझ्याकडे नुसतं बघितलं, मी लांब, रस्त्याच्या पलीकडे उभी असल्यासारखं.

"बटण कुठंय?" मी विचारलं.

"बटण," ती म्हणाली. मग दप्तराच्या पट्ट्याला हात लावून बघितला. मग आतल्या खोलीकडे बघितलं. "आत असेल."

आत नव्हती. मोरीत नव्हती. पलंगाखाली नव्हती. ती लपते कधीकधी, पण लपली की खुदखुदते, तिला दम धरता येत नाही. घरात कुणी खुदखुदत नव्हतं.

बटण म्हणजे माझ्या दादाची मुलगी. बालवाडीतली. वहिनी संध्याकाळपर्यंत पॅकिंगच्या कारखान्यात असते, दादा ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर. म्हणून दुपारी पाळणाघरातून तिला आणायचं काम आत्याचं. बटण जेव्हापासून चालतेय तेव्हापासून आत्याचंच.

मी परत बाहेर आले तेव्हा आत्या उभी होती आणि तोंडात बोट घालून जीभ चाचपत होती. बोट बाहेर काढलं, त्याला रक्त होतं.

"भिंगरी," ती म्हणाली. मला ती भिंगरीच म्हणते, मी एका जागी बसत नाही म्हणून. "मला फिट आली होती."

मी खिशातून फोन काढला. 

हे कळायला आत्या माहीत असायला पाहिजे, म्हणून सांगते. माझ्या बाबांची ती धाकटी बहीण. आई-बाबा गेले तेव्हा दादा शाळेत होता आणि मी शाळेत जायच्या वयाची पण नव्हते. आत्यानं दोघांना वाढवलं. लग्न का नाही केलंस विचारलं तर म्हणते, दोन गाढवं आयती मिळाली, तिसरं कशाला पोसू. मी नववीत शाळा सोडली तेव्हा अख्खी गल्ली मला शहाणपण शिकवायला आली. आत्यानं एवढंच विचारलं, "नक्की?" मी म्हटलं नक्की. ती म्हणाली, "मग उद्यापासून लवकर उठ, गॅरेज शाळेच्या आधी उघडतं." तिला कुणी वाकडं बोललं तर मी त्याच्या गाडीचा ब्रेक सैल करीन, असं मी एकदा बोलून पण दाखवलंय. करणार नाही. पण बोलून दाखवलंय.

ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डाग काढते. मालकीणबाई कपडा तिच्यापुढं टाकतात. ती वास घेते, नखानं जरासं खरवडते, आणि उलटं काढत जाते. शेवटी लागलं ते आधी काढायचं, आधी लागलं ते शेवटी. तेच तिचं बुद्धिबळाचं. बुद्धिबळ ती खेळत नाही. खेळायचं तर पुढचं बघावं लागतं, आणि पुढचं कुणाला कळलंय, असं तिचं म्हणणं. ती उलटी कोडी सोडवते. एका मासिकाच्या शेवटच्या पानावर येतात. डाव अर्धा मांडलेला असतो आणि विचारलेलं असतं, आता काय करशील असं नाही, तर इथपर्यंत आलं कसं. शेवटची चाल कुणाची. त्याच्या आधी काय होतं.

मला एकदाच समजलं होतं. उंट तिरका चालतो. पटावर उंटाच्या तिरक्या वाटेतली दोन्ही प्यादी अजून सुरुवातीच्या जागेवरच, कधी हललीच नाहीत. आणि उंट त्याच्या घरात नाही. मग गेला कुठं? मी म्हटलं, बाहेर गेला. "कुठून गेला? दोन्ही दारं बंद. त्याला उडी मारता येत नाही." मग? "मग तो बाहेर पडलाच नाही. घरातच मारला गेला, आणि मारणारा निघून गेला." हे तिनं इतकं सहज सांगितलं की मी त्या रात्री उशी डोक्यावर घेऊन झोपले.

ही सवय तिला लागली ती फिटमुळंच. लहानपणी तिला फिट यायच्या. खाली पडून हातपाय झाडायची तसल्या नाहीत. ती उभी असायची, चालायची, ओढणीचं टोक चोळत राहायची, डोळे उघडे, आणि आत ती नसायची. थोड्या वेळानं परत यायची. मधला तुकडा कापून टाकल्यासारखा. मग ती आजूबाजूला बघून ठरवायची की मध्ये काय झालं असणार. पेन खाली पडलंय, बाई माझ्याकडे बघतायत, सगळ्यांची वही उघडी, माझी मिटलेली. म्हणजे प्रश्न विचारून झालाय. गोळ्या होत्या तेव्हा. मग फिट थांबल्या, मग डॉक्टरनं गोळ्याही थांबवल्या. मी तिला कधी तसं बघितलं नव्हतं. वहिनीला माहीत होतं, पण आपल्याकडे कुणाला लहानपणी कांजिण्या झालेल्या माहीत असतात तसं.

आणि आता ती माझ्यासमोर उभी होती, जिभेला रक्त, खांद्याला बदकाचं दप्तर.

मी पाळणाघराला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, आजी घेऊन गेल्या ना, नेहमीसारख्या, कधीच. मी आत्याच्या मोबाइलवर लावला, कुठंतरी बटणच्या हातात असेल म्हणून. वाजत राहिला. "तो दुकानात राहिलाय," आत्या म्हणाली. "चार्जिंगला." वहिनीला लावला. तिला कामावर फोन कपाटात ठेवावा लागतो, ते मला माहीत होतं, तरी लावला. दादाचा रेंजच्या बाहेर. मग पोलिसांना. ते मी आपणहून केलं नाही, आत्यानं सांगितलं. "आधी त्यांना लाव. मग बोलू." त्यांनी कपड्याचा रंग विचारला. मला आठवेना. आत्या म्हणाली, "लाल फ्रॉक, वर पांढरा स्वेटर, एक बटण तुटलेलं." गाडी पाठवतो म्हणाले, घरी कुणीतरी थांबा. शेजारच्या मावशींना मी घरात बसवलं. त्या काय झालं काय झालं करत होत्या. मी सांगितलं नाही. दाराबाहेर निघणार तेवढ्यात आत्यानं माझा दंड धरला.

"पळून उपयोग नाही. कुठल्या बाजूला पळणार? आधी बघू दे."

"काय बघतेस? पोरगी रस्त्यावर आहे."

"मला शेवटचं आठवतंय ते सिग्नल. आम्ही उभ्या होतो. तिचा हात माझ्या डाव्या हातात. लाल दिवा. त्याच्यानंतर ही खुर्ची." तिचे शब्द नीट, एकामागे एक. "सिग्नलपासून इथपर्यंत मी आलेय. दप्तर आलंय. ती आली नाही. मध्ये कुठंतरी हात सुटलाय. कुठं, ते माझ्या अंगावर असेल. बघ मला. सगळीकडून बघ."

मी तिला फिरवलं. लहान मूल हरवलंय आणि मी माझ्या आत्याला दिव्याखाली फिरवतेय, कपडे शिवायला माप घेतात तसं. चपला धुळीच्या. केस नेहमीसारखे. मग उजव्या बाहीवर, कोपराच्या खाली, हिरवा पट्टा.

आत्यानं बाही नाकाशी नेली. अंगठ्यानं दाबली. अंगठा हिरवा झाला.

"ऑइल पेंट. ओला आहे, अजून साय पण धरली नाही. कुठंतरी नुकतंच रंगवलंय आणि मी त्याला घासून गेले." तिनं डोळे मिटले. "बागेचं कुंपण. हिरवं आहे. सिग्नलवरून येताना बागेवरूनच येतो आम्ही. बागेत शिरली असेल ती, घसरगुंडीवर."

मला एवढं बरं वाटलं की मी तिला तिथंच मिठी मारणार होते. आम्ही माझ्या गाडीवर बसलो आणि मी अशी चालवली की एका रिक्षावाल्यानं माझ्या सगळ्या खानदानाची आठवण काढली.

बागेत खूप पोरं होती. लाल फ्रॉकची एक होती, घसरगुंडीच्या मागं, पाठमोरी. मी हाक मारली. तिनं वळून बघितलं. दुसरीच कुणाची होती.

आत्या कुंपणापाशी उभी होती. तिनं गजावर तळहात फिरवला आणि मला दाखवला. गंजाचा लाल चुरा. कुंपण हिरवं होतं खरं, पण केव्हातरी, आमच्या लहानपणी. पोपडे निघालेले. इथं कुणी ब्रश फिरवला नव्हता.

"इथनं नाही," ती म्हणाली. मग भराभरा बोलायला लागली. तेलाच्या दुकानाचं शटर हिरवं, पण ते जुनं. दवाखान्याचं फाटक हिरवं, पण ते आमच्या बाजूला येत नाही. टपालपेटी लाल. ती एकेक घर खोडत होती, पटावर खोडते तशी, आणि मला दिसत होतं की तिच्याकडची घरं संपत चाललीत.

"कालवा," मी म्हटलं.

"नाही."

"कालव्यावरच्या पुलाचा कठडा हिरवा आहे. मी परवा तिकडून आले तेव्हा एकजण कागदानं घासत होता. रंगवायच्या आधी घासतात."

"तिकडून मी तिला नेत नाही. कधीच नेलं नाही. कठड्याला खाली फट आहे, एवढी, लहान मूल सरळ जाईल. तुला पण नेलं नाही कधी. तुला माहीतेय."

"माहीतेय."

"मग ते धरायचंच नाही. ते होऊ शकत नाही."

आणि इथं माझ्या लक्षात आलं की ती काय करतेय. तिच्या कोड्यांचा एक नियम असतो. पटावर जे दिसतंय ते नियमानंच घडलंय, कुणी चोरून चाल केली नाही, असं धरून चालायचं. नाहीतर कोडं सुटतच नाही. तिनं स्वतःला त्या पटावर उभं केलं होतं, आणि आत्या म्हणून तिचे जे नियम, ते सगळे लावले होते. सिग्नल लाल असताना ओलांडत नाही. हात सोडत नाही. कालव्यावरून जात नाही. असं धरलं तर बटण घरात असायला हवी होती. आणि मी पण तेच धरलं होतं, कारण मी तिला ओळखते ना. आम्ही दोघीच ती चूक करू शकत होतो.

"आत्या, तू गेली नाहीस," मी म्हटलं. "तुझे पाय गेले. त्यांना नियम माहीत नाहीत. लहानपणी तू शाळेतनं कुठून घरी यायचीस?"

 तिचा चेहरा असा झाला की मला मी विचारलं त्याचा राग आला. ती गाडीवर बसली आणि मागून माझा शर्ट दोन्ही मुठींत धरला.

सिग्नलवरून डावीकडे गल्ली, गल्लीच्या टोकाला कालवा. पाणी तिथं दिसायला संथ असतं, पण त्यात काही टाकलं तर बघता बघता पलीकडच्या वळणावर जातं. मी आणि दादा लहानपणी आत्याच्या चोरून तिथं चपला सोडायचो. एक पण परत मिळाली नाही. गाडी चालवताना मला त्या चपलाच दिसत होत्या.

पुलावर कुणी नव्हतं. कठड्याला सुतळीनं पुठ्ठा बांधलेला, रंग ओला आहे. आणि कठडा चकचकीत हिरवा. मी पाण्याकडे बघायला गेले. आत्या ओरडली नाही, पण असं म्हणाली की मी जागच्या जागी थांबले.

"हात लावू नकोस. काही हलवू नकोस. पाणी नंतर."

कठड्याच्या वरच्या नळीवर एक लांब फराटा होता, रंग पुसला गेलेला. आत्याच्या कोपराच्या उंचीवर. तिनं बाही लावून बघितली, बरोबर बसली. मग ती खाली वाकली. खालच्या नळीवर हाताचे ठसे होते. इवले. पाच बोटं, नीट उमटलेली. मग पुन्हा. मग पुन्हा. पुलाच्या मधोमध जात होते. आणि मधोमध थांबले.

थांबले. पुढं एकही नाही. आणि खाली ती फट.

 मी रस्त्यावरच खाली बसले. मला वहिनीचा चेहरा दिसला, ती डबा धुताना तोंड करते तो, काही कारण नसताना तोच. मी म्हटलं, "आत्या, मी उतरते पाण्यात." मला पोहता येत नाही. आत्याला ते माहीत होतं.

"थांब," ती म्हणाली. ती शेवटच्या ठशापाशी गुडघ्यावर होती. तिनं त्याच्या पुढच्या नळीला बोट लावलं. बोट कोरडं आलं. पुढच्या नळीला. कोरडं. "रंगच इथं संपतो, भिंगरी. पुढं जुनाच हिरवा आहे, त्यानं अजून लावलेला नाही. ती पुढं गेली असली तरी ठसा उमटणार कुठून."

"म्हणजे ती पडली नाही?"

"म्हणजे मला माहीत नाही." ती तशीच गुडघ्यावर मागं सरकली. "हा बघ. इथं माझा फराटा खालीही लागलाय, दप्तर घासलंय, त्याच्या बुडाला बघ, हिरवं. आणि तिचा हात त्याच्या वरून उमटलाय. मी आधी गेले. ती मागनं आली. मी तिला मागं टाकून गेले." हे ती डागाबद्दल बोलावं तसं बोलली. "रंगारी कुठंय?"

रंगाचा डबा कठड्याच्या बुंध्याशी होता. झाकण घट्ट बसवलेलं. ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यावर आडवा ठेवलेला.

"चहाला गेला असेल," मी म्हटलं. "ती यायच्या आधीच."

"असेल. किंवा ती आल्यावर गेला असेल. कुठलं आधी?" ती डब्याभोवती बघत होती, तोंडानं पुटपुटत. मग तिनं डब्यामागून एक चिंधी दोन बोटांत उचलली. रॉकेलचा वास. चिंधीवर हिरवी बोटं. चार, आणि जरा बाजूला अंगठा. माझ्या हाताच्या निम्मी पण नाहीत. "त्यानं तिचे हात पुसलेत. पुसताना ती इथं होती, त्याच्यासमोर, धडधाकट. मग त्यानं झाकण लावलं, ब्रश गुंडाळला. पोर पाण्यात गेलेली बघून कुणी ब्रश पिशवीत घालत बसत नाही. शेवटची चाल त्याची आहे. सावकाश केलेली."

हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला जास्तच भीती वाटली. पाण्याची भीती गेली आणि तिच्या जागी माणूस आला. चेहरा नसलेला, हिरव्या हातांचा, आणि त्याच्या हातात आमच्या बटणचा हात.

"तो कोण, कुठला, आपल्याला काय माहीत," मी म्हटलं. "सावकाश म्हणजे चांगलाच असं कुठंय."

"नाही," आत्या म्हणाली. "तसं कुठंच नाही." तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की ती माझ्याइतकीच घाबरलीय, फक्त तिला घाबरायला वेळ नाहीये. "त्याचं सोड. त्याला आपण ओळखत नाही. तिला ओळखतो. तिचे हात हिरवे झालेत. रॉकेलनं पुसले तरी सगळा रंग निघत नाही. ती काय म्हणेल?"

मी विचार केला. विचार करायला लागलाच नाही. फ्रॉकला चटणी लागली, भिंतीला खडू लागला, कुत्र्याला चिखल लागला, बटणचं एकच उत्तर असतं.

"आत्तुआजी काढेल," मी म्हटलं.

"आणि आत्तुआजी कुठं काढते?"

दुकान सिग्नलच्या पलीकडेच. मी गाडीला किक मारली, ती बसेना, पाय घसरला, परत मारली. सिग्नल लाल होता. मी तोडला. 

दुकानाच्या काचेतून मला आधी दिसली ती वाफ, मग हँगरला लटकणारे कोट, मग कोटांच्या मधून लाल फ्रॉक. बटण आत्याच्याच उंच स्टुलावर बसली होती, पाय हलवत, दोन्ही हात पुढं पसरून. मालकीणबाई तिच्या बोटांना तेल चोळत होत्या; कळवणार कुणाला, आत्याचा फोन तर तिथंच चार्जिंगला होता. बाजूला एक म्हातारासा माणूस, हिरवे डाग पडलेला शर्ट, हात मागं बांधून.

आत्या दारातच थांबली. आत जाईना. काचेला धरून उभी राहिली.

"आलात का," तो रंगारी म्हणाला. "कुणाची पोर आहे ही? पुलावर एकटी. मी पान खायला वळलो तेवढ्यात अर्धा कठडा स्वतःच रंगवायला घेतलान. खाली फट केवढी. अशी सोडून कुठं गेला होतात?"

"ओ काका, तोंड सांभाळून," मी म्हटलं. "तिला बरं नव्हतं. तुम्हाला काय माहीतेय तिच्याबद्दल?"

"भिंगरी, गप्प," आत्या म्हणाली. मग त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "बरोबर बोलताय तुम्ही. मी सोडून गेले." आणि तिनं त्याचे हिरवे हात आपल्या दोन्ही हातांत धरले. तो बिचारा गडबडला. "राहू द्या हो बाई, राहू द्या. मला कठडा परत करावा लागणार, एवढंच."

बटण आत्याकडे बघत होती. रुसलेली.

"तू मला टाटा पण नाही केलास," ती म्हणाली. "मी हाक मारली. तू नुसतीच गेलीस."

आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. उचललं मीच. आत्यानं उचललं नाही, ते मी बघितलं.

मी बाहेर जाऊन पोलिसांना फोन केला, सापडली म्हणून. आत आले तेव्हा मालकीणबाई आत्याला पाणी देत होत्या आणि हळू बोलत होत्या. "अगं पण तू परवा पण तशीच उभी होतीस की. इस्त्रीपाशी. मी हाक मारली, तुझं लक्षच नाही. कोट जळायचा राहिला. आणि त्याच्या आधी एकदा. मला वाटलं तुझं ते काहीतरी डोक्यात चाललंय, हत्ती-घोडे. म्हणून बोलले नाही."

आत्यानं ग्लास खाली ठेवला. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी खाली बघितलं, कारण मला पण आठवायला लागलं होतं. कितीतरी दुपारी ती पटासमोर सोंगटी हातात धरून बसलेली असायची आणि मी चवड्यांवर तिच्या मागून जायची. तिचा विचार मोडू नये म्हणून.

वहिनी आली तेव्हा अंधार पडला होता. तिनं फोनवर माझे कॉल बघितले होते, धावतच आली. बटण माझ्या मांडीवर झोपलेली बघून दारातच मटकन बसली. आत्यानं तिला चप्पल काढायची पण वाट बघितली नाही. सगळं सांगितलं. सिग्नल, पूल, फट, मालकीणबाई काय म्हणाल्या ते. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. मला मध्येच म्हणावंसं वाटलं, पण शोधून पण तिनंच काढलं ना. मी तोंड उघडलं आणि आत्यानं नुसता हात वर केला.

वहिनी बटणपाशी सरकून बसली. मग म्हणाली, "आत्याबाई, मला तुमचा राग यायला पाहिजे. मला नुसती भीती वाटतेय. तुम्ही तिला टाकून गेलात त्याची पण, आणि तुम्ही स्वतः त्या पुलावरून एकट्या गेलात त्याची पण. सिग्नल ओलांडलात तुम्ही. ट्रक असतात तिथं."

"मला पण वाटतेय," आत्या म्हणाली. "म्हणून सांगते. आजपासून तिचा हात मी धरायचा नाही. रस्त्यावर नाही. तू नाही म्हणायच्या आधी मीच म्हणते."

"मी आणीन," मी म्हटलं. "दुपारची सुट्टी तेव्हा घेईन. गॅरेजवाला नाही म्हणाला तर दुसरं गॅरेज."

"तू वेळेवर पोचशील?" वहिनीनं विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

"पोचेन."

पोचते. आजवर एकदाही चुकले नाही. डॉक्टरनं गोळ्या परत चालू केल्यात, आधीच्यापेक्षा जड. गॅसपाशी एकटीनं जायचं नाही, इस्त्री नाही, दुकानात मालकीणबाईंनी तिला नुसती डागाच्या टेबलापाशी बसवलीय आणि समोर एकीला बसवलंय. गोळ्यांनी फिट थांबतील का, विचारलं तर डॉक्टर म्हणाला, बघू. बघू म्हणजे काय, मी म्हटलं. आत्यानं मला बाहेर पाठवलं.

कोडी ती अजून सोडवते. पण पहिल्या रविवारी ती पटापाशी बसली, घोडा उचलला, आणि हात तसाच हवेत राहिला. मी समोर भाजी निवडत होते. मी वाट बघितली. वहिनी ओट्यापाशी होती, तिचं लाटणं थांबलं.

"आत्या," मी म्हटलं.

काही नाही.

"आत्या."

"अगं विचार करतेय."

"मग मोठ्यानं कर."

"कोडं मोठ्यानं सोडवतं का कुणी?"

"तू सोडव."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वहिनीकडे बघितलं, वहिनीच्या हातातलं लाटणं बघितलं. आणि सुरुवात केली. हा घोडा इथं आला कुठून. डावीकडून येऊ शकत नाही, तिथं प्यादं आहे. वरून आला असता तर राजाला आधीच शह असता. आता आमच्या घरात हे रोजचं झालंय, ती बसली की रेडिओ लावल्यासारखा तिचा आवाज चालू असतो. बटणला अर्धं पाठ झालंय, ती भातुकलीत बाहुलीला विचारते, शेवटची चाल कुणाची. आम्ही कुणी ऐकत नसतो. मी पंक्चरचं सामान आवरते, वहिनी फोनवर बोलते, भांडी वाजतात.

पण तिनं वाक्याच्या मध्ये श्वास घेतला तरी सगळ्यांचे हात थांबतात.